भालदार हलला

अर्धविराम

लेकीला नाटकात काम मिळालं म्हणून घरात आनंदीआनंद झाला आणि काम भालदाराचं आहे हे कळल्यावर माझ्यापुरता तो जरा ओसरला. आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढे कुणी उकरून काढायला नको. तिला मात्र काही वाटलं नव्हतं. "बाबा, मी पहिल्यापासून शेवटपर्यंत स्टेजवर आहे. राजासुद्धा मध्ये दोनदा आत जातो," हा तिचा हिशोब. वय वर्षं नऊ.

नाटक चाळीस मिनिटांचं. भालदाराला चार वाक्यं, त्यातली दोन "महाराजांचा विजय असो". उरलेला वेळ भाला धरून डाव्या बाजूला ताठ उभं राहायचं. बाईंनी बजावलं होतं, हलायचं नाही, नाक खाजलं तरी नाही. घरी महिनाभर ती छत्री धरून दाराशी उभी राहायची आणि आम्ही येता-जाता स्वतःचा विजय करून घ्यायचो.

चार वाक्यं पाठ व्हायला असा किती वेळ लागणार? पण तालमीहून आली की ती सगळ्यांचीच वाक्यं म्हणायची, राजाची, राणीची, विदूषकाची, प्रत्येकाचा आवाज काढून. त्यामुळे अख्खं नाटक मलाही पाठ झालं. प्रयोगाला दुसऱ्या रांगेत बसलो आणि पडदा उघडल्यापासून माझे ओठ हलत होते म्हणे. बायकोने कोपराने ढोसलं तेव्हा कळलं.

तिसरा प्रवेश. शत्रूचं सैन्य नदीपाशी आलंय ही बातमी घेऊन प्रधान धावत येतो. तर प्रधान धावत आला, मुजरा केला आणि थांबला. आधी वाटलं दम घेतोय. मग वाटलं जरा जास्तच घेतोय. "महाराज, घात झाला" हे त्याचं वाक्य मी ओठांनी म्हणत होतो, पण माझे ओठ त्याला कुठले दिसायला! विंगेतून बाईंची कुजबुज आली, ती मला ऐकू आली, त्याला नाही. राजा प्रधानाकडे बघतोय, प्रधान स्वतःच्या पायांकडे बघतोय. चार सेकंद गेले असतील, फार तर सहा. माझ्या तळहातांना घाम. दुसऱ्याच्या पोराच्या वाक्यासाठी.

आणि भालदार हलला.

एक पाऊल पुढे टाकलं, भाला जमिनीवर आपटला आणि म्हणाली, "महाराज, प्रधानजी फार लांबून धावत आलेत. बोलायच्या आधी त्यांना पाणी द्यावं."

हे वाक्य नाटकात नव्हतं.

हशा पिकला. राजा झालेला मुलगाही हुशार, त्याने टाळी वाजवून "कोण आहे रे तिकडे, पाणी आणा!" असं फर्मान सोडलं. पाणी आणणारं कुणी नव्हतंच, पण तेवढ्यात प्रधानाला त्याचं वाक्य सापडलं. "महाराज, घात झाला!" इतकं खणखणीत, की पुढचे दोन प्रवेश तो त्याच पट्टीत बोलत राहिला. लेक एक पाऊल मागे गेली आणि पुन्हा खांब.

त्या वाक्याला माझे ओठ थांबलेले होते. हे सांगायला धागा काढलाय खरं तर. बाकीच्या चाळीस मिनिटांत मला नाटक माहीत होतं, तेवढ्या एका वाक्याला नव्हतं.

नाटक संपल्यावर मेकअप रूमच्या दाराशी तिला उचलायला गेलो तर चेहरा रडवेला. "बाबा, मी हलले. बाई रागावतील का?"

मी नुसतं "नाही गं" म्हणालो. अजून काय म्हणायला हवं होतं ते तीन दिवस सुचत नाहीये. तुमचेही अनुभव लिहा.


टिंबटिंब

वाह! भालदाराला मुजरा. बाकी सवडीने लिहिते.


झाडाची आई

आमचे चिरंजीव झाड होते. बोलणारं झाड नव्हे, साधं. पंचवीस मिनिटं दोन्ही हात वर.

त्या नाटकाची गोष्ट काय होती ते मला आजही सांगता येणार नाही. मी झाड बघत होते. पुढे कुणीतरी भांडलं, एक परी आली, काहीतरी हरवलं आणि सापडलं. माझं सगळं लक्ष त्याच्या डाव्या हाताकडे, कारण तो हळूहळू खाली येत होता. मग त्याच्या लक्षात यायचं आणि फांदी पुन्हा वर. शेवटी शेवटी माझेच खांदे दुखायला लागले.

घरी येताना विचारलं, कंटाळा नाही आला? तर म्हणाला, "वारा आला तेव्हा मजा आली." वारा कधी आला? तर एका प्रवेशात वादळ होतं म्हणे, आणि तेव्हा झाडांना हलायची परवानगी होती. मला कळलंच नव्हतं. मला वाटलं हात दुखले म्हणून हलतोय.


कुंपणावरचा

अभिनंदन वगैरे आहेच, पण एक खडा टाकतो. समजा भालदार हलला नसता. चार वाक्यं नीट म्हणून पोर घरी आली असती, तर हा धागा निघाला असता का? अभिमान तिचा वाटला की लोक हसले, टाळ्या पडल्या, त्याचा?

दुसरं म्हणजे त्या प्रधानाचे आईवडीलही तिथेच कुठेतरी बसलेले असणार. ते कुठे धागा काढतायत?


अर्धविराम

@कुंपणावरचा, धागा निघाला नसता. खरं आहे. "छान झालं गं" म्हणून फोटो काढून विषय संपला असता, आणि चाळीस मिनिटं न हलता उभं राहणं ही काय चीज आहे ते झाडाच्या आईंचा प्रतिसाद वाचेपर्यंत मला सुचलंही नसतं.

हशा पिकला तेव्हा आनंद झाला, ते नाकारत नाही. पण छातीत जे काही झालं ते हशाच्या आधी. तिने पाऊल उचललं तेव्हा मला वाटलं ही चुकतेय. पहिली भावना भीतीची होती. अभिमान मागाहून आला, आणि तोही जरा बिचकत.

प्रधानाच्या आईवडिलांना मी ओळखत नाही. तुमचा प्रतिसाद वाचल्यापासून तेच डोक्यात आहेत.


पडद्यामागची

मुलांची नाटकं बसवते, बरीच वर्षं झाली, त्यामुळे हा धागा सोडवत नाहीये. थोडं लांब होईल.

हलायचं नाही असं आम्ही का सांगतो? रंगमंचावर जो हलतो त्याच्याकडे डोळे जातात. राजा बोलत असताना मागे कुणी नुसता टोप सारखा केला तरी दोनशे माणसं राजाला सोडून टोप बघतात. म्हणून उभं राहणं हे कामच आहे, उरलेल्या मुलांना लावून दिलेली जागा नव्हे. (काही ठिकाणी तसं करतात, त्याबद्दल वेगळा धागा काढून भांडूया.) तुमची लेक आधीची वीसेक मिनिटं खांबासारखी उभी राहिली म्हणूनच त्या एका पावलाला वजन आलं. चुळबुळ करणारी पोरगी पुढे आली असती तर कुणाला काही विशेष वाटलं नसतं.

आता पाठांतर. बहुतेक मुलं स्वतःच्या वाक्यांखाली रेघा मारतात आणि तेवढंच पाठ करतात. सोबत आधीच्या वाक्याचा शेवटचा शब्द, क्यू म्हणून. मग रंगमंचावर ती क्यूची वाट बघत उभी असतात. समोरचा काय बोलतोय ते ऐकत नाहीत, बसथांब्यावर आपल्या नंबरची बस येते का बघावं तशी. क्यू आलाच नाही की संपलं. तुमची लेक सगळ्यांची वाक्यं म्हणायची असं तुम्ही सहज लिहून गेलात, पण गोष्ट तिथेच आहे. तिला नाटक पाठ नव्हतं नुसतं, ती ते ऐकत होती. प्रधान दमून आलाय हे तिला दिसलं आणि तिने जे दिसलं ते बोलून दाखवलं. अडखळलेल्याला तिने आतून प्रॉम्प्ट केलं नाही, त्याच्या अडखळण्याला नाटकातलं कारण दिलं. मोठमोठ्यांना हे जमत नाही. ते शेजाऱ्याचं वाक्य स्वतःच म्हणून टाकतात आणि त्या बिचाऱ्याला आणखी उघडं पाडतात.

प्रधानाबद्दलही सांगते. धावत प्रवेश करणारी मुलं नेहमी तिथेच अडकतात. विंगेत ती खरंच धावायला लागतात, श्वास वर, कानात धडधड, आणि मग प्रॉम्प्ट ऐकूच येत नाही. अशा वेळी अख्खं वाक्य कुजबुजून उपयोग नसतो. पहिला एकच शब्द, मोठ्याने. पुरतो. आणि धावायचं शेवटची दोन पावलं फक्त.

राहिले पालक. पहिल्या दोन रांगांत बसून ओठ हलवू नका हो. पहिल्या रांगेपर्यंत रंगमंचाचा उजेड सांडतो, तिथले चेहरे मुलांना दिसतात. एकदा का पोराने आईच्या तोंडाकडे बघून बोलायला सुरुवात केली की राजा, राणी, जंगल सगळं गेलं, उरतो गृहपाठ.

आणि बाई रागावल्या नसणार. मी असते तर विंगेत तोंड दाबून हसले असते.


विंगेतला

प्रधानाची बाजू मांडायला मी आहे.

अकरा वर्षांचा होतो. सरदाराचं काम, चिकटवलेल्या मिशा, कमरेला पुठ्ठ्याची तलवार. तिसरंच वाक्य गेलं. अशा वेळी माणूस आठवायचा प्रयत्न करत असेल असं प्रेक्षकांना वाटतं. तसं काही नसतं. मला आठवतं ते इतकंच, की समोरच्या मुलाच्या अंगरख्याची एक गुंडी चुकीच्या काजात गेली होती आणि ती फार महत्त्वाची वाटत होती. भालदार वगैरे माझ्या नशिबात नव्हता. सरांनी पुढचा प्रवेश सुरू करवला, माझी उरलेली वाक्यं गळली आणि मी मागे उभा राहिलो शेवटपर्यंत.

वडील आले होते. बाहेर पडलो, त्यांचा हात धरला, गल्ली संपेपर्यंत दोघंही गप्प. ते काय म्हणतील याचीच धास्ती होती. "पुढच्या वेळी जमेल" म्हणाले असते तर मी तिथेच रडलो असतो. ते म्हणाले, "मिशी खाजत होती का रे?"

मी म्हटलं, हो, जाम. डिंक कसला होता, कशी काढली, ओठावर लाल कसं झालं, ते घर येईपर्यंत चाललं.

मला आता पन्नाशी आलीय. त्या दिवशी त्यांना माझा अभिमान वाटला नसणार, वाटण्यासारखं काही घडलंच नव्हतं. पण पुढच्या वर्षी पुन्हा नाव दिलं मी.


टिंबटिंब

विंगेतला, हे वाचून काम थांबवलं.


जुनी पोथी

प्रेक्षकाबद्दल नाट्यशास्त्रात भरतमुनींनी जे लिहिलंय त्याची आठवण झाली. सत्ताविसावा अध्याय सिद्धीचा आहे, म्हणजे प्रयोग साधला हे ओळखायचं कशावरून. त्यात दोन प्रकार. मानुषी सिद्धीत प्रेक्षक हसतात, वाहवा करतात, रोमांचित होतात, भारावून जागेवरून उठतात. दैवी सिद्धीची एक खूण म्हणजे रंगगृह भरलेलं आहे आणि तरी आवाज नाही, गडबड नाही. त्याच अध्यायात चांगला प्रेक्षक कोण तेही आहे: पात्राच्या आनंदाने जो आनंदतो, शोकाने शोक करतो, दैन्याने दीन होतो, तो.

या कसोटीवर आईबाप नापास. आपलं पोर राजा झालेलं असताना राजाचं दुःख कुणाला दिसतं? आपल्याला दिसतो तो सरकलेला मुकुट. पुढे रसाचा विचार करणाऱ्या भट्टनायकाने साधारणीकरण म्हणून जे सांगितलं, म्हणजे समोरचा राम हा अमक्याचा राम न राहता सगळ्यांचा होतो, ते पालकाच्या बाबतीत व्हायचंच नाही. त्याच्या लेखी तो आमचा बंड्याच. झाडाच्या आईंनी हे एका वाक्यात सांगितलंय: मी झाड बघत होते.

पण मग अर्धविराम यांचे ओठ थांबले ते काय होतं? माझ्या मते तेवढे दोन क्षण समोर लेक नव्हती. भालदार होता.


कुंपणावरचा

@जुनी पोथी, म्हणजे पालक हा जर्मन नाटककार ब्रेख्तला हवा होता तसा प्रेक्षक. नाटकात वाहून जात नाही, हे नाटक आहे याचं भान सुटत नाही, आणि तटस्थपणे… बरं, तटस्थपणे तेवढं नाही.

फ्रेंच लेखक दिदरोने १७५८ साली नटांना सांगून ठेवलं होतं की प्रेक्षक आणि आपल्यामध्ये एक मोठी भिंत आहे असं समजा आणि पडदा उघडलाच नाही असं वागा. बालनाट्यात त्या भिंतीला आरपार भोक असतं आणि त्यातून आई हात हलवत असते.

(विंगेतला यांचा प्रतिसाद वाचून आधीचा खडा मागे घेतोय. अर्धा.)


कंदील

अवांतर वाटेल, पण आमच्याकडे उलटं आहे. मुलाला रंगमंचावर जायचंच नव्हतं. दोनदा आग्रह केला, दोनदा ताप आला, मग सोडून दिलं. तेरा वर्षांचा झाल्यावर स्वतःहून प्रकाशयोजनेत घुसला. आता डिमर, म्हणजे उजेड कमीजास्त करायचं यंत्र, सांभाळतो.

त्याचा पहिला प्रयोग बघायला गेलो तर बघायचं काय? तो मागे, वर, अंधारात. फोटो काढायची सोय नाही. नाटकात संध्याकाळ होते असा प्रसंग होता. म्हातारा बोलतोय आणि उजेड इतका सावकाश उतरत होता की उतरतोय हे कळू नये. शेजारची बाई नवऱ्याला म्हणाली, "दिसेना झालं बाई, चष्मा दे." मी तिला सांगणार होतो की ती संध्याकाळ माझ्या मुलाने केलीय. नाही सांगितलं.


टिंबटिंब

आले परत. मोबाइलबद्दल कुणीच कसं बोललं नाही? मुलीच्या नाटकाचं मी पूर्ण शूटिंग केलं, हात स्थिर ठेवून, एकही ठोका न चुकवता. घरी उत्साहाने विचारलं, मी दिसत होते का गं तुला? म्हणाली, "माणसं दिसत नाहीत आई, डोळ्यांवर लाइट असतो. खूप मोबाइल दिसतात." अंधारात चौकोनी उजेड तेवढे.

ते शूटिंग आम्ही एकदाच बघितलं. त्यात माझा श्वास ऐकू येतो.


पडद्यामागची

@टिंबटिंब, अगदी. एकाला शूटिंग करू द्या आणि बाकीच्यांनी मागून घ्या, हे मी दर प्रयोगाआधी सांगते. सगळे माना डोलावतात.

@अर्धविराम, तुमचा मूळ प्रश्न राहूनच गेला, तिला काय सांगायचं. शाबासकी द्यायचीच असेल तर बेतलेल्या वाक्याला देऊ नका. पुढच्या वेळी ती मुद्दाम जागा शोधत बसेल, आणि मुद्दाम घातलेल्या जागांनी नाटकं मरतात. तिला विचारा, प्रधान दमलाय हे तुला कधी कळलं? ती सांगेल तेवढं ऐका. मिशीवाल्या वडिलांचा मार्ग.


अर्धविराम

उशिरा लिहितोय. मधल्या काळात दुसरा प्रयोग झाला, त्याचा वृत्तांत द्यायलाच हवा.

आधी प्रश्न. विचारलं तिला. म्हणाली, "तो आला तेव्हा त्याची मान अशी खालीवर होत होती. तालमीत नव्हती होत." म्हणजे तो मुजरा करत असतानाच तिने हेरलं होतं. पुढे म्हणाली, "आणि तो रडला असता तर सगळं नाटक थांबलं असतं आणि माझं शेवटचं वाक्य राहिलं असतं." तेव्हा ज्यांनी ज्यांनी तिला उदार वगैरे ठरवलंय त्यांनी नोंद घ्यावी. त्यात मीही आलो.

प्रधानाचे वडील भेटले. मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "तुमची ती भालदार ना? आमचा घरी आल्यापासून पाणी मागतो आणि हसतो." मला सुटल्यासारखं झालं.

बाई रागावल्या नव्हत्या. उलट त्यांनी ते वाक्य संहितेतच घालून टाकलं. राजाचं फर्मानही. इतकंच नव्हे, पाणी आणायला एक सेवक नेमला, त्या निमित्ताने आणखी एका मुलाला काम मिळालं.

लेक खूश असेल असं वाटलं होतं. तर म्हणाली, "आता ते पाठ करायला लागतं." घरात पुन्हा छत्री आली. एक पाऊल, छत्री आपटायची, प्रधानजी फार लांबून धावत आलेत. रोज. कधी "लांबून" आधी, कधी "फार" विसरून. तिला ते नीट जमेना. पहिल्यांदा कसं म्हणाली होती ते तिला आठवत नव्हतं आणि मला पक्कं आठवत होतं, त्यावरून आमचं भांडणही झालं.

दुसऱ्या प्रयोगाला पहिल्या रांगेत जागा मिळाली. पडद्यामागचींची सूचना लक्षात ठेवून ओठ दाताखाली धरून बसलो होतो. तिसरा प्रवेश आला. प्रधान आला, शेवटची दोनच पावलं धावत, त्याला दम अजिबात लागलेला नव्हता. तो व्यवस्थित थांबला. राजाने बघितलं. भालदार हलला, भाला आपटला, वाक्य आलं. हशा आला, पहिल्यापेक्षा कमी. सेवक पाणी घेऊन आला आणि त्याने ते सांडलं, त्यावर मात्र जोरदार.

प्रयोगानंतर मेकअप रूमच्या दाराशी गेलो. या वेळी रडवेली नव्हती, चिडलेली होती.

"बाबा, ते वाक्य तुम्ही माझ्याआधी म्हणालात."